रस्त्याकडेला ईव्ही चार्ज करायची? आधी हे ३ नियम बघा

वर्ध्याच्या जुन्या वस्तीत घर, कार गल्लीत उभी, आणि खिडकीतून वायर काढून ती रात्रभर चार्ज करायचा विचार आहे? थोडं थांबा. घरच्या मीटरवर ईव्ही चार्ज करायला बंदी नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानेच तशी मुभा दिली आहे. खरी अडचण सुरू होते ती वायर कंपाउंडबाहेर पडली की.

१. वायर
मोबाइलचा फास्ट चार्जर साधारण ३०-६० वॉट खेचतो. कार साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरून तब्बल ३,३०० वॉट खेचते, तेही ९-१० तास सलग. बारीक वायर एवढ्यात तापते, आणि पावसात तर शॉकचीही भीती. म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांत ईव्हीसाठी एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही. चार्जिंग पॉइंट गाडीपासून ५ मीटरच्या आत हवा आणि सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर वर.

२. रस्ता
गल्ली तुमच्या दारासमोर असली तरी ती सार्वजनिक आहे. वायरमुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांना धोका किंवा अडथळा झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रस्त्याकडेला कायमचा खांब उभारायचा तर नगरपरिषदेची परवानगी हवीच.

३. मीटर
वीज कायदा २००३ चं कलम १२६ सांगतं: ज्या जागेसाठी वीज मंजूर झाली, ती सोडून दुसरीकडे वापरली तर तो अनधिकृत वापर. आकारणी दुप्पट दराने. रस्त्यावर नेलेली वायर यात अडकू शकते.

मग करायचं काय?
गेटच्या आत किंवा ओट्यावर जागा असेल तर पक्का पॉइंट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीडी बसवून घ्या. ईव्हीसाठी वेगळं कनेक्शनही मागता येतं. २०२४ च्या दुरुस्तीनुसार पूर्ण अर्ज दिल्यावर नगरपरिषद हद्दीत ७ दिवसांत आणि खेड्यात १५ दिवसांत ते मिळायला हवं.

जागाच नसेल तर? चार्जिंग स्टेशन चालवायला वीज विक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. म्हणजे मोकळी जागा असलेला शेजारचा दुकानदारही रीतसर कनेक्शन घेऊन स्टेशन सुरू करू शकतो. गल्लीत ईव्हीवाले चार-पाच जण असाल, तर त्याच्याशी किंवा नगरपरिषदेशी एकत्र बोला. एकट्याच्या वायरपेक्षा चौघांचा अर्ज जास्त कामाचा.