पोरांची बाळबांधणी : अंगणवाडीत कोणत्या वयाला काय?



या पानावर आम्ही दर खेपेला बेणे, खते, हुमणी आणि खोडवा यांवर लिहितो. या वेळी ऊस थोडा बाजूला ठेवून घरातल्या सहा वर्षांखालच्या पोरांविषयी लिहीत आहोत. ऊस नोंदीसाठी हातकणंगले तालुक्यात गावोगाव फिरताना बांधावर उसाइतकेच बोलणे हल्ली पोरांच्या शाळेवर होते. त्यात एक तक्रार ठरलेली असते. "साहेब, पोरगं वर्षभर अंगणवाडीत जातंय, पण अजून 'क' काढता येईना. नुसती गाणी म्हणतंय अन् मातीत खेळतंय. म्हणून इंग्रजी शाळेच्या गाडीत घातलं. तिथं रोज वही भरून आणतंय."

अशा एका सभासदाला आम्ही विचारले, "लागणीच्या दिवशीच युरियाची सगळी पोती सरीत ओतली तर?" तो म्हणाला, "फुकट जाईल की ओ. मुळ्याच नाहीत अजून."

अगदी बरोबर. म्हणून तर शिफारशीत नत्र चार हप्त्यांत आहे : लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४०. बाळबांधणीच्या (आपल्याकडे कोणी बाळभरणी म्हणतात) वेळी मोठी बांधणी केली तर फुटवे गाडले जातात. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते की, मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. याचा अर्थ त्या सहा वर्षांत सगळे कोंबावे असा नव्हे. ज्या वयाला जे लागते ते त्याच वयाला मिळावे, एवढाच अर्थ आहे.

जन्म ते सहा महिने

जन्मल्यापासून तासाभरात आईचे दूध सुरू व्हावे आणि सहा महिने फक्त तेच द्यावे. वरचे पाणी, मध, गुटी काही नको. या वयाचे शिक्षण म्हणजे आईचा आवाज, अंगाई आणि डोळ्याला डोळा. त्यासाठी बाळंतिणीला पोटभर खायला आणि रानातल्या कामातून सवड मिळाली पाहिजे. ही जबाबदारी घरच्या कर्त्या माणसांची आहे.

सहा महिने ते तीन वर्षे

सहा महिने झाले की दुधाबरोबर घट्टसर मऊ भात-वरण, नाचणीची खीर, कुस्करलेले केळे सुरू करावे. वर चमचाभर तेल-तूप घालावे. अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, घशात अडकतात. या वयाच्या पोरांसाठी अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो. तो पोराच्याच पोटात जावा. दर महिन्याला वजन करून घ्यावे. सेविकेजवळ दंड मोजायची रंगीत पट्टी असते. माप साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे लाल पट्ट्यात आले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. साडेअकरा ते साडेबारा हा पिवळा पट्टा म्हणजे सावध राहण्याचा इशारा.

या वयाचे पोर भांडी काढते, भरते, ओतते, लपते आणि शोधते. ती खोडी नव्हे, तो त्याचा अभ्यास आहे. त्याच्याशी दिवसभर बोलत राहावे. रडले की मोबाईल हातात देऊन गप्प बसवले तर तेवढे बोलणे बुडाले.

तीन ते चार वर्षे

आता पोर अंगणवाडीत बसू लागते. पहिले शिक्षण म्हणजे आईवाचून दोन-तीन तास राहणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, स्वतःच्या हाताने जेवणे आणि हात धुणे. गोष्ट ऐकायची तीही थोडा वेळच. तीन ते सहा वयाच्या मुलांना केंद्रात किती उष्मांक आणि प्रथिने मिळावीत याचा नियम आहे. ताजे शिजवलेले अन्न मिळते का, हे पालकांनी जाऊन पाहावे.

चार ते पाच वर्षे

हरभरा, वाटाणा, चवळी एकत्र करून वेगवेगळी निवडायला लावा. लहान-मोठे, कमी-जास्त हे हाताला कळले की गणिताचा पाया पडला. पाच चिंचोके मोजून देणे हे तोंडाने शंभरपर्यंत म्हणण्यापेक्षा मोठे काम आहे. मणी ओवणे, मातीचे बैल करणे, दुकान-दुकान खेळणे हे सारे याच वयाचे.

पाच ते सहा वर्षे

ऊस, ऊन, ऊब या तीन शब्दांत पहिला आवाज कोणता, हे पोराने कानाने ओळखले की वाचनाची तयारी झाली. ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगणे आणि आपले नाव लिहिलेले ओळखणे हेही आता जमू लागते. लिहिण्याची घाई मात्र नको. मनगटातली लहान हाडे जन्मतः कूर्चेची असतात आणि वर्षागणिक टणक होत जातात. चिखल मळून आणि मणी ओवून बोटांत बळ आले की पेन्सिल आपोआप स्थिर धरली जाते. पहिलीत घालावे ते सहा पूर्ण झाल्यावर.

ही गाणी आणि माती काही आजचे खूळ नव्हे. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. महागड्या परदेशी साधनांऐवजी त्यांनी बिया, शिंपले, पाने, खडे वापरले. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम करताना त्यांना दिसले की, मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणून त्यांनी विकासवाडी उभी केली. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोचला.

आता मुद्द्याचे बोलू. कडेवर धाकटे घेतलेली बहीण आजही आमच्या नजरेस पडते, ती ऊसतोडीच्या फडात. टोळी पहाटे फडात शिरते. सहा वर्षांखालची लेकरे बांधावर, पाचटात, ट्रॉलीच्या आसपास असतात. त्यांना सांभाळायला आठ-नऊ वर्षांची पोर शाळा सोडून बसते. साखरेच्या प्रत्येक पोत्यात या लेकरांचेही दिवस गेलेले आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली आपल्याच तालुक्यात, कुंभोजला झाला. त्यांच्या तालुक्यात हे चालू द्यायचे का, हा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे.

स्थलांतरित मुलांनाही जिथे मुक्काम तिथल्या अंगणवाडीचा लाभ घेता येतो. पोषण ट्रॅकरवर नाव हलवण्याची सोय आहे. अडते ते सांगणाऱ्यावाचून. सेविकेला खोपी कुठे पडल्या हे कळत नाही आणि मुकादमाला अंगणवाडी कुठे हे माहीत नसते. चिटबॉयला मात्र दोन्ही ठाऊक असते.

म्हणून सभासदांना आमची चार कामांची विनंती आहे.

एक, आपल्या रानात टोळी उतरली की सहा वर्षांखालची पोरे किती ते चिटबॉयला सांगा, म्हणजे गट ऑफिसातून सेविकेकडे यादी जाईल.

दोन, ती पोरे अंगणवाडीत आपल्या पोराशेजारी बसली तर कुरकुर करू नका.

तीन, आपले पोर दुसऱ्या शाळेत जात असले तरी महिन्यातून एकदा अंगणवाडीत डोकावा. पाणीपुरवठा संस्थेत मोठे बागायतदार लक्ष घालीनासे झाले की मोटार जळते आणि शेवटच्या चाकाचे शेत वाळते. इथेही तसेच होते. चार बोलती माणसे पाठ फिरवतात आणि मग अंगणवाडी नुसती खाऊवाडी उरते.

चार, सेविकेला "आज काय लिहून घेतलं?" असे विचारू नका. "आज काय खेळली, काय बोलली?" असे विचारा.

उसाचे फुटवे पहिल्या चार महिन्यांत ठरतात. नंतर कितीही खत घातले तरी गेलेला फुटवा परत येत नाही, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. पुढील अंकात खोडवा व्यवस्थापनावर लिहू.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग