सूर्य सर्वांचा, गच्ची कोणाची?

घराच्या गच्चीवर वीज तयार करावी आणि आपली गरज भागवून उरलेली कंपनीच्या तारांत सोडावी, ही कल्पना आता प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली सिलिकॉनचा सौरघट जगापुढे मांडला, तेव्हा त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्क्यांचीच वीज होत असे. आजची चांगली पॅनेले २० टक्क्यांहून अधिक प्रकाशाची वीज करतात. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजना सुरू करून १ कोटी घरांचे उद्दिष्ट पुढे ठेविले. २ किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३० हजार रुपये आणि ३ किलोवॉट वा त्याहून मोठ्या संचास एकूण ७८ हजार रुपये असे अनुदानही ठरविले. या धोरणाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु ज्याच्या डोक्यावर स्वतःची गच्चीच नाही त्याने काय करावे, हा प्रश्न या स्वागताच्या भरात मागे पडू नये.

हिशेब साधा आहे. १ किलोवॉटच्या संचास सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते. म्हणजे ३ किलोवॉटच्या संचावर मध्यमवर्गीय कुटुंबाचा महिना सुखाने निघतो. स्वतंत्र बंगल्याच्या मालकास ३०० चौरस फूट जागा काढणे कठीण नाही. पण २० बिऱ्हाडांच्या इमारतीत प्रत्येकास असा संच बसवावयाचा म्हटल्यास ६ हजार चौरस फूट मोकळी, बिनसावलीची गच्ची हवी. शहरातील किती इमारतींपाशी ती आहे? असलेल्या जागेतही पाण्याच्या टाक्या आहेत, लिफ्टची खोली आहे. शिवाय पॅनेले एकमेकांस साखळीने जोडलेली असल्यामुळे एकावर पडलेली सावली इतरांचेही उत्पादन घटविते.

म्हणूनच सहकारी गृहसंस्थांतून ‘आधी येईल त्याची गच्ची’ हा न्याय चालू देणे आम्हांस धोक्याचे वाटते. पैसा हाताशी असलेल्या दोघा-चौघा सभासदांनी जागा व्यापावी आणि इतरांनी केवळ गळक्या छताच्या दुरुस्तीची वर्गणी भरावी, यास सहकार म्हणत नाहीत. सामाईक गच्चीवरील पहिला हक्क सामाईक गरजेचा असला पाहिजे. पाण्याचा पंप, लिफ्ट, जिन्यातील दिवे यांचे बिल सर्वांच्या मासिक वर्गणीतून जाते. ते कमी झाले, तर तळमजल्यावरील निवृत्त शिक्षकासही सूर्याचा वाटा मिळेल. उपरोक्त योजनेत गृहसंस्थांच्या सामाईक सोयींसाठी दर किलोवॉटला १८ हजार रुपयांचे अनुदान ठरविण्यात आले, ते याच विचाराने.

मात्र ठराव करण्यापूर्वी सभासदांनी या यंत्राची मर्यादाही जाणून घ्यावी. सौर संच बसविला की वीज कधीच जाणार नाही, ही समजूत चुकीची आहे. बॅटरीविना चालणारा सर्वसाधारण संच कंपनीची वीज गेली की आपोआप बंद पडतो. तसा तो पडलाच पाहिजे; कारण तारांवर दुरुस्ती करणाऱ्या कामगाराचा जीव त्यावर अवलंबून असतो. पावसाळ्यात उत्पादन घटते आणि धूळ पुसली नाही तर भर उन्हाळ्यातही ते मनाजोगे होत नाही. तेव्हा संच बसविण्याच्या खर्चाबरोबरच त्याची निगा कोण राखणार, हेही सभेतच ठरावे. आणि सावलीची अडचण सांगून अंगणातील जुने झाड तोडण्याचा ठराव कोणी मांडला, तर तो मात्र निःसंकोचपणे फेटाळावा.

सरकारकडेही आमचे मागणे आहे. १० किलोवॉटपर्यंतच्या संचांस तांत्रिक तपासणीची अट २०२४ सालच्या नियमदुरुस्तीने काढून टाकण्यात आली, हे योग्यच झाले. आता लक्ष द्यावयाचे ते भाडेकरूंकडे व अपुऱ्या गच्चीच्या इमारतींकडे. एका ठिकाणी सामाईक संच उभारून त्याची वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत वाटून वजा करण्याची पद्धत अशक्य नाही. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ सालीच तिची नियमावली केली. हा मार्ग आपल्याही शहरांतील सामान्य ग्राहकास एका साध्या अर्जाने खुला झाला पाहिजे.

ज्या गच्चीवर पिढ्यान्‌पिढ्या साऱ्या इमारतीचे पापड-कुरडयांचे वाळवण शेजारी शेजारी पडले, तिच्यावरील ऊन वाटून घेण्याची रीत आपणांस नवी नाही. ती मोडून विजेपुरते वेगळे कुंपण घालू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. गृहसंस्थांनी येत्या वार्षिक सभेतच हा विषय घ्यावा.