पुएर्तो वायार्ता येथील रस्त्यावरील खाद्यपेये : क्रूझ प्रवाशाच्या एका दिवसाचा अभ्यास

सारांश : मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील पुएर्तो वायार्ता या बंदरात क्रूझ जहाजे साधारणतः एका दिवसापुरती थांबतात. या मर्यादित वेळेत मार्गदर्शकाविना फिरून रस्त्यावरील खाद्यपदार्थ व पेये यांची ओळख कशी करून घेता येईल, त्या पदार्थांमागे शेती व व्यापाराचा कोणता इतिहास आहे आणि प्रवाशाच्या निवडीचा स्थानिक विक्रेत्यावर कोणता परिणाम होतो, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रस्तावना

पारंपरिक मेक्सिकन पाककलेचा समावेश युनेस्कोने २०१० मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. मका, घेवडा आणि मिरची या पिकांवर आधारलेली ही पाककला केवळ घरात किंवा उपाहारगृहात नांदत नाही. तिचा मोठा भाग हातगाडी, टपरी, मंडई आणि समुद्रकिनारा येथे रोज नव्याने घडत असतो. क्रूझ प्रवाशाच्या वाट्याला मात्र तो सहसा येत नाही. जहाजावरील भोजनाचे पैसे भाड्यातच भरलेले असल्याने किनाऱ्यावरील प्रत्येक घास त्याला जादा खर्च वाटतो, आणि तो दुपारी जेवावयास जहाजावर परततो. अशा रीतीने शहरात येऊनही शहर न चाखता जाणारा प्रवासी हा या पर्यटनप्रकारातील नेहमीचा अनुभव होय.

१. बंदर आणि वेळेचे गणित

पुएर्तो वायार्ता हे हालिस्को राज्यातील शहर बांदेरास उपसागरावर वसले आहे. जॉन ह्यूस्टन यांनी ‘द नाइट ऑफ द इग्वाना’ या चित्रपटाचे चित्रीकरण १९६३ मध्ये जवळच्या मिस्मालोया येथे केले. १९६४ मध्ये तो प्रदर्शित झाला आणि तोवर फारसे परिचित नसलेले हे गाव जगाच्या नजरेत आले. येथे क्रूझ जहाजे येण्यामागे मात्र एक कायदेशीर कारणही आहे. अमेरिकेच्या १८८६ च्या प्रवासी जहाज कायद्यानुसार परदेशी ध्वजाखालील जहाजास केवळ अमेरिकन बंदरांपुरती प्रवासी सहल करता येत नाही. मध्ये परदेशी बंदर घ्यावे लागते. बहुसंख्य क्रूझ जहाजांची नोंदणी परदेशात असल्याने लॉस एंजेलिस परिसरातून निघणाऱ्या सहलींना मेक्सिकोची बंदरे सोयीची ठरली.

जहाजे शहराच्या उत्तरेकडील धक्क्यास लागतात. तेथून जुने शहर सुमारे पाच किलोमीटर दूर आहे. धक्क्याच्या आवारातील दुकाने व बाहेरील मोठे मॉल येथेच अनेकांचा वेळ जातो. रस्ता ओलांडून शहर बस घेतल्यास ‘सेंत्रो’ असा फलक असलेली गाडी जुन्या शहरात नेते. येथे एक सूचना महत्त्वाची आहे : जहाजाचे घड्याळ आणि शहराचे घड्याळ यांत फरक असू शकतो. परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे मोजावी आणि तीत किमान दोन तासांची सवड ठेवावी. शहरात रात्रीच रंगणाऱ्या टाकोच्या अनेक गाड्या जहाज सुटेपर्यंत लागतही नाहीत. म्हणून दिवसा मिळणाऱ्या पदार्थांवरच दिवसाची आखणी करणे शहाणपणाचे होय.

२. सकाळ : बिर्रिया आणि मक्याची तोर्तिया

हालिस्को राज्याची ओळख असलेला बिर्रिया हा पदार्थ सकाळी खाण्याचा आहे. वाळवलेल्या मिरच्या व मसाल्यांच्या वाटणात मुरवलेले बकऱ्याचे मांस मंद आचेवर शिजवितात आणि तोर्तियात घालून कांदा, कोथिंबीर व लिंबासह देतात. सोबत रस्सा असतो. बिर्रियाचे पातेले दुपारपर्यंत रिकामे होते, म्हणून दिवसाचा आरंभ येथूनच करावा. या एका ताटलीत दोन जगांची भेट आहे. मका आणि मिरची अमेरिका खंडाची. बकरा, कांदा, कोथिंबीर आणि लिंबू स्पॅनिश लोकांबरोबर आलेले.

तोर्तिया दिसावयास आपल्या भाकरीसारखी असली, तरी तिचे पीठ निराळ्या पद्धतीने होते. मका चुन्याच्या निवळीत शिजवून, भिजत ठेवून, धुऊन मग ओलाच दळतात. या प्रक्रियेतून तयार झालेल्या मक्यास निश्तामाल म्हणतात. तिच्यामुळे मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीरास उपलब्ध होते. युरोपात मका गेला, पण ही प्रक्रिया गेली नाही; परिणामी मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरीब वर्गात पेलाग्रा हा रोग पसरला. पीक एका देशातून दुसऱ्या देशात सहज जाते. त्यामागील ज्ञान मागे राहू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

३. दुपार : मंडई आणि समुद्रकिनारा

क्वाले नदीकाठच्या नगरपालिका मंडईत तळमजल्यावर हस्तकलेच्या वस्तू विकल्या जातात, तर वरच्या मजल्यावर साध्या खाणावळी आहेत. भात, घेवडा, कालवण व तोर्तिया असे घरगुती जेवण तेथे मिळते. पुढे लोस मुएर्तोस या किनाऱ्यावर काठीला खोचून निखाऱ्यावर भाजलेली मासळी व कोळंबी फिरते विक्रेते विकतात. तिचे नाव ‘पेस्कादो एम्बारासादो’, म्हणजे शब्दशः ‘गर्भवती मासा’! ‘काठीवर भाजलेला’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दांचा बोलण्यात अपभ्रंश होऊन हे नाव पडले, असे सांगितले जाते.

कापलेला आंबा, काकडी आणि शिंगाड्यासारखा कुरकुरीत लागणारा हिकामा हा कंद, यांवर तिखट, मीठ व लिंबू घालून देण्याची पद्धत मराठी माणसास शाळेबाहेरील कैरीवालीची आठवण करून देईल. हे साम्य वरवरचे नाही. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत अमेरिका खंडातून गोव्याच्या किनाऱ्यावर आली. आंबा आशियातून तिकडे गेला, आणि मेक्सिकोतील एका लोकप्रिय जातीचे नाव आजही ‘मनिला’ असेच आहे. आपला चिकू हाही त्याच प्रदेशातील वृक्ष असून त्याचे नाव ‘चिकोसापोते’ या तेथील नावाशी जोडले जाते.

४. उतरती दुपार : तुबा आणि इतर पेये

मालेकोन या समुद्रालगतच्या पादचारी मार्गावर मोठा भोपळा घेऊन उभा असलेला तुबाविक्रेता हे या शहराचे वैशिष्ट्य. तुबा म्हणजे नारळाच्या पोयीतून काढलेला गोड रस; त्यावर सफरचंदाचे तुकडे व शेंगदाणे किंवा अक्रोड घालून पेला हाती देतात. ताजा असता तो आपल्या नीरेसारखा असतो. ऊन चढू लागले की आंबतो आणि माडीच्या जातीत जातो. ‘तुबा’ हा शब्द फिलिपाइन्समधील आहे. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे मनिला व आकापुल्को यांच्या दरम्यान स्पॅनिश गलबतांची ये-जा होती. त्यांतून आलेल्या फिलिपिनो खलाशांनी व मजुरांनी शेजारच्या कोलिमा प्रदेशात माड छेदण्याची व त्या रसापासून मद्य गाळण्याची विद्या रुजविली. हे मद्य स्पेनहून येणाऱ्या मद्याशी स्पर्धा करू लागल्याने सतराव्या शतकात त्यावर बंदी घालण्याचे प्रयत्न झाले. कोकणातील भंडारी आणि गोव्यातील रेंदेर यांनी जोपासलेल्या विद्येचीच ही पॅसिफिकपलीकडील भावंड म्हणावयास हवी.

तेहुइनो हे दुसरे पेय आंबविलेल्या मक्याच्या पिठाचे असून पिलोन्सियो या शंकूच्या आकाराच्या गुळाने गोड केलेले असते. त्यात लिंबू व मीठ घालतात. ‘हामाइका’ नावाचे लाल सरबत हे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचे, तर ‘तामारिंदो’ हे चिंचेचे. मद्यपान वर्ज्य नसणाऱ्यास दिवसअखेर राइसियाचा लहान पेला घेता येईल. टकीलासाठी अगावेच्या जातींपैकी केवळ निळी अगावे वापरतात. राइसिया हालिस्कोच्या डोंगराळ व किनारी भागांतील इतर अगावे जातींपासून. तिला २०१९ मध्ये उगमस्थानाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. अगावेचे मद्य गाळण्याच्या काही पारंपरिक भट्ट्यांची घडण फिलिपिनो पद्धतीची आहे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

५. आरोग्यविषयक दक्षता

रस्त्यावरील अन्नाविषयीची भीती सरसकट योग्य नाही आणि सरसकट दुर्लक्ष करण्याजोगीही नाही. जेथे स्थानिक ग्राहकांची गर्दी आहे, पदार्थ डोळ्यांसमोर शिजतो आणि पैसे घेणारा हात अन्नास लागत नाही, तेथे धोका कमी असतो. लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी, म्हणजे सेविचे, खाताना अधिक सावध असावे. आम्लामुळे मासळीचा रंग व पोत बदलतो, परंतु सर्व जंतू मरत नाहीत. पाणी व बर्फ शुद्ध केलेल्या पाण्याचे आहेत का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. शाकाहारी व्यक्तीने घेवड्यात डुकराची चरबी घातली आहे काय, याचीही चौकशी करावी.

६. विक्रेत्याचा वाटा

जहाजामार्फत विकत घेतलेल्या सहलीच्या किमतीतील काही हिस्सा जहाज कंपनीकडे राहतो. तुबाविक्रेत्याच्या हाती दिलेले पेसो मात्र मध्यस्थाविना त्याच्या घरी जातात. मेक्सिको सरकारने १ जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर प्रत्येकी ५ डॉलर कर लागू केला असून तो टप्प्याटप्प्याने २०२८ मध्ये २१ डॉलरपर्यंत नेण्याचे ठरविले. तो महसूल शासनाचा. टपरीवाल्यास त्यातून थेट काही मिळत नाही. त्याची कमाई प्रवासी दाराबाहेर पडतो की नाही, यावर अवलंबून असते. म्हणून जवळ सुट्टे पेसो ठेवावेत. डॉलर अनेक ठिकाणी स्वीकारले जातात, परंतु त्यांचा दर विक्रेता ठरवितो. भाव आधी विचारावा, पण थोड्या नाण्यांसाठी घासाघीस करू नये.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, स्वतः आखलेला असा एक दिवस हा केवळ स्वस्त पोटपूजेचा मार्ग नाही. बिर्रियापासून तुबापर्यंतचा प्रत्येक पदार्थ समुद्रमार्गे झालेल्या देवाणघेवाणीचा पुरावा आहे, आणि त्या देवाणघेवाणीत आपल्या किनाऱ्याचाही सहभाग आहे. तो पुरावा वस्तुसंग्रहालयात नव्हे, तर विक्रेत्याच्या रोजच्या धंद्यात जिवंत आहे. धंदा बसला तर तोही नाहीसा होईल. मुंबई आणि मुरगाव या बंदरांतही क्रूझ जहाजे येतात. तेथे उतरणाऱ्या परदेशी प्रवाशास धक्क्याबाहेरचा वडापाव, सोलकढी किंवा नीरा भेटते की नाही, हा प्रश्न वायार्ताच्या अनुभवावरून आपणही विचारावयास हवा.