प्रेक्षकाला किती सांगायचे, कधी सांगायचे

रहस्यपट पाहताना प्रेक्षक तीन वेगळ्या अवस्थांतून जातो, पण बोलताना तिन्हींना सरसकट ‘सस्पेन्स’ म्हटले जाते. खून कोणी केला हे ठाऊक नसते तेव्हा वाटते ते कुतूहल. दार उघडताच प्रेत अंगावर कोसळते तेव्हा बसतो तो धक्का. खरी उत्कंठा या दोहोंहून निराळी असते. काय होऊ शकते हे प्रेक्षकाला कळलेले असते, ते होऊ नये असे त्याला मनापासून वाटत असते आणि ते थांबवणे त्याच्या हाती नसते. आल्फ्रेड हिचकॉकने १९६२ साली फ्रान्स्वा त्रूफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हा भेद टेबलाखालच्या बॉम्बच्या दाखल्याने मांडला. प्रेक्षकाला काहीच न सांगता स्फोट घडवला, तर पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. बॉम्ब आधी दाखवला आणि माणसे निवांत गप्पा मारत राहिली, तर त्याच प्रसंगातून पंधरा मिनिटांची उत्कंठा मिळते. थोडक्यात, उत्कंठेसाठी प्रेक्षकापासून लपवण्याइतकेच त्याला सांगणेही महत्त्वाचे असते.

एवढ्याने एक कोडे मात्र सुटत नाही. शेवट पाठ असलेली कथाही माणसे श्वास रोखून का पाहतात? मराठी रंगभूमीच्या आरंभीच हा अनुभव आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत, चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हा धनुष्य कोण उचलणार हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही पौराणिक खेळांची लोकप्रियता पुढे कित्येक दशके टिकली. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड गेरिग यांच्या मते कथेत रमलेले मन जुनी माहिती शोधायला जात नाही, समोरची घटना ते प्रथमच घडत असल्यासारखी घेते. तत्त्वज्ञ नोएल कॅरल यांनी दुसरी बाजू दाखवली. जे व्हायला हवे असे नीतीला वाटते ते अशक्यप्राय दिसू लागले आणि जे होऊ नये ते जवळजवळ अटळ वाटू लागले, की उत्कंठा जन्मते. कॅरल यांचे म्हणणे अधिक उपयोगी आहे, कारण दिग्दर्शकाने नेमके काय करायचे हे त्यातून कळते: चांगल्या शेवटाची शक्यता प्रसंगागणिक कमी करत न्यायची.

मराठी चित्रपटात उत्कंठा निर्माण करण्याचे काम सर्वांत कसोशीने केले ते ‘पाठलाग’ने, आणि त्यामागची तीन मोठी नावे एकाच परिसरातली आहेत. दिग्दर्शक राजा परांजपे मिरजेचे, गीतकार ग. दि. माडगूळकर शेटफळ्याचे, तर गायिका आशा भोसले यांचा जन्म सांगलीचा. संगीत दत्ता डावजेकर यांचे होते. १९६४ सालच्या या चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कथा जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरची. एका वकिलाची लाडकी पत्नी मरण पावते. पुढे पोलिसांच्या हाती लागलेली एक स्त्री हुबेहूब तिच्यासारखी दिसते आणि आपणच त्याची पत्नी आहोत असे ठामपणे सांगते. वकिलाच्या भूमिकेत काशिनाथ घाणेकर होते, नायिका भावना.

याच प्रकारचे कथाबीज हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’त (१९५८) आहे: मेलेली स्त्री आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी. मूळ फ्रेंच कादंबरीत रहस्य शेवटी फुटते. हिचकॉकने ते बरेच आधी प्रेक्षकाला सांगून टाकले आणि नायकाला अंधारात ठेवले. ‘पाठलाग’ने नेमका उलटा मार्ग घेतला. येथे प्रेक्षक आणि पती यांचे अज्ञान सारखेच आहे. मग ते नुसते कोडे का वाटत नाही? कारण दोन्ही उत्तरे भयंकर आहेत. ती खरी पत्नी असेल, तर पती आपल्याच माणसाला गुन्हेगार ठरवून दूर लोटतो आहे. ती खोटी असेल, तर दोघांच्या संसारातल्या खासगी गोष्टी तिला कशा ठाऊक? तिच्या प्रत्येक बरोबर उत्तराने दिलासाही मिळतो आणि भीतीही वाढते. प्रेक्षकाने कोणती आशा धरावी हेच ठरत नाही. कॅरल यांच्या सूत्रात न बसणारी ही उत्कंठा आहे, आणि परांजपे यांचे श्रेय इथेच मोठे आहे.

हा पेच न्यायालयात मांडला जातो आणि ती चौकट फार कामी येते. प्रश्न, उत्तर, पुरावा, हरकत या क्रमामुळे माहिती थेंबाथेंबाने देता येते, आणि निकाल कधीतरी लागणारच असल्याने काळाची मर्यादाही आपोआप पडते.

‘या डोळ्यांची दोन पाखरे’ हे गाणे तर कथेचाच एक भाग झाले आहे. आपले डोळे पतीभोवती फिरत राहतील, असे पत्नीचे आश्वासन त्यात आहे. सुखाच्या दिवसांत ते लाडिक वाटावे, तिच्या मृत्यूनंतर तेच शब्द पाठलाग वाटावेत, अशी माडगूळकरांची रचना आहे. ध्वनीचा असा वापर फ्रिट्झ लांगने ‘एम’मध्ये (१९३१) केला होता. खुनी शिटीवर एकच धून वाजवतो, म्हणून पुढे चेहरा न दिसताही त्याची चाहूल लागते, आणि एक अंध फुगेवाला त्याला त्या धूनवरूनच ओळखतो. ‘पाठलाग’चे हिंदी रूप राज खोसला यांनी ‘मेरा साया’ (१९६६) या नावाने केले, सुनील दत्त आणि साधना यांना घेऊन. त्याची गाणी देशभर गाजली, तरी गाणे आणि रहस्य यांची इतकी घट्ट वीण मराठी मूळ चित्रपटातच प्रथम घातली गेली होती, हे विसरले जाऊ नये.

परांजपे यांची ख्याती तोवर ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’ (दोन्ही १९५२) आणि ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) यांसारख्या चित्रपटांची होती. विनोदी चित्रपटांचा दिग्दर्शक रहस्याकडे वळला याचे नवल वाटायला नको. दोन्हींचे गणित एकच असते. ‘लाखाची गोष्ट’मध्ये ठरलेल्या मुदतीत लाख रुपये खर्च करायचे आहेत. मुदत जवळ येते तशी प्रेक्षकाची घालमेल वाढते. फक्त तिथे तिचा शेवट हशात होतो.

काळ ताणण्याचे मुख्य हत्यार मात्र संकलन. डी. डब्ल्यू. ग्रिफिथने ‘द लोनली व्हिला’त (१९०९) घरात शिरू पाहणारे दरोडेखोर, आत अडकलेली आई व मुली आणि धावत येणारा पिता यांची दृश्ये आलटून पालटून दाखवली. पडद्यावरचे एक मिनिट त्यामुळे प्रत्यक्षातल्यापेक्षा लांब वाटते. दृश्ये जसजशी आखूड होत जातात, तसा प्रेक्षकाचा श्वासही आखूड होतो.

भारतीय रहस्यपटाला आणखी एक हत्यार मिळाले आहे, ते मध्यंतराचे. कथेतला सर्वांत अवघड प्रश्न दिवे लागण्याच्या क्षणी सोडला, की प्रेक्षक तो घेऊनच बाहेर पडतात आणि चहाच्या टपरीवर आपापली उत्तरे मांडतात. यात्रेतल्या सिनेमाच्या तंबूत तर ही चर्चा सगळ्या गर्दीची होत असे. शेजारी बसलेल्या माणसाची धास्ती आपल्यात उतरते, ही गोष्ट घरी एकट्याने पाहताना हरवते.

उत्कंठेसाठी अंधार, वाडा किंवा हमशकल लागतोच असे नाही, हे ‘सामना’ने (१९७४) दाखवले. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, रामदास फुटाणे यांची निर्मिती. १९७५ साली हा चित्रपट बर्लिन महोत्सवातही गेला. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) एका दारूड्या मास्तरला आसरा देतो. मास्तरची भूमिका मूळचे साताऱ्याचे डॉ. श्रीराम लागू यांनी केली. मास्तरच्या कानावर मारुती कांबळे हे नाव पडते आणि त्याचे काय झाले, हा प्रश्न तो जाईल तिथे विचारू लागतो.

येथे सत्ता कोणाच्या हाती आहे हे प्रेक्षकाला पहिल्यापासून दिसते. संशयितांची यादीच नाही. ताण निर्माण होतो तो गावाच्या गप्प बसण्यातून. नाव उच्चारताच माणसे विषय बदलतात, चेहरे बंद होतात, आणि प्रत्येक मौनाबरोबर प्रश्न जड होत जातो. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहतो आणि दर वेळी विचारणाऱ्याचा धोका वाढलेला असतो. हिंदुराव चिडत नाही, पाहुणचार करत राहतो. निळू फुल्यांच्या त्या मवाळ आवाजात जितकी भीती आहे तितकी कोणत्याही सुऱ्यात नाही. मास्तर ज्याचे अन्न खातो त्याच्याच विरुद्ध त्याला उभे राहायचे आहे, म्हणून तो प्रत्येक टप्प्यावर मागे फिरू शकतो, आणि तो फिरेल का ही धाकधूक प्रेक्षकाला शेवटपर्यंत सोडत नाही. कारखाना, सोसायटी, पंचायत यांच्याशी रोजचा संबंध असलेल्या साताऱ्या-सांगलीच्या ऊसपट्ट्यातल्या प्रेक्षकाला त्या गप्प चेहऱ्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता.