निळी गोळी आणि जेवणावरचा चहा

माझी नात सातवीत, कानडी शाळेत शिकते. आठवड्यातून एकदा शाळेत लोहाची निळी गोळी मिळते. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. पोरगी मात्र ती दप्तरात लपवायची. ‘मळमळतं गं आज्जी!’

शाळेत जाऊन बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, ‘ती डबा तसाच परत नेते. रिकाम्या पोटी गोळी सोसत नाही. आणि जेवणावर लगेच चहा दिलात, तर लोह अंगी लागत नाही.’

चूक आमचीच होती. आता जेवणावरचा चहा बंद. हुलग्याच्या उसळीवर लिंबू पिळते. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला गल्लीतल्या बायकांनाही, कुणाला मराठीत, कुणाला कानडीत, हेच सांगितलं. गोळी शाळा देते. ती अंगी लागेल, हे घरानंच बघायला हवं.