मेंदूतील रोहिणीविस्फार आणि रक्तप्रवाहाचे संगणकीय सदृशीकरण

मेंदूच्या तळाशी रोहिण्यांचे, म्हणजे धमन्यांचे, एक कडे असते. टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यास विलिसचे वर्तुळ असे म्हणतात. या कड्यावर व त्यापासून निघणाऱ्या फाट्यांवर रोहिणीची भिंत कधी कधी दुर्बल होऊन फुग्यासारखी बाहेर येते. यासच रोहिणीविस्फार ही संज्ञा आहे. प्रौढांपैकी सुमारे ३ टक्के व्यक्तींत असा विस्फार आढळतो. त्यांपैकी बहुतेक विस्फार आयुष्यभर फुटत नाहीत. परंतु जो फुटतो तो मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव घडवून पुष्कळदा प्राणघातक ठरतो. उलटपक्षी, न फुटलेल्या विस्फारावरील उपचारही सर्वस्वी निर्धोक नसतो. तेव्हा कोणता विस्फार फुटेल हे आधी ओळखता येईल काय, हा खरा प्रश्न होय. या प्रश्नाच्या उत्तरासाठी संशोधक रक्तप्रवाहाच्या संगणकीय सदृशीकरणाकडे वळले. त्यातून मिळणारे उत्तर कितपत विश्वसनीय मानावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सदृशीकरणाची रीत तत्त्वतः सरळ आहे. रुग्णाच्या रोहिण्यांत क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रव्य सोडून निरनिराळ्या कोनांतून प्रतिमा घेतात व त्यांवरून विस्फाराचा त्रिमितीय आकार सिद्ध करतात. या आकाराची लक्षावधी सूक्ष्म खंडांत विभागणी केली जाते. नाव्ह्ये (१८२२) व स्टोक्स (१८४५) यांच्या नावांनी प्रसिद्ध असलेली द्रवगतीची समीकरणे मग या खंडांसाठी, हृदयाच्या ठोक्याच्या अनेक सूक्ष्म कालांशांत, संगणकाकडून सोडवून घेतली जातात. रक्ताची घनता दर घनमीटरास सुमारे १,०६० किलोग्रॅम धरतात आणि श्यानता बहुधा स्थिर मानतात. यातून प्रत्येक ठिकाणचा वेग व दाब, तसेच भिंतीवरील कर्तन प्रतिबल मिळते.

दाब आणि कर्तन प्रतिबल यांतील भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. दाब भिंतीवर लंब दिशेने कार्य करतो. कर्तन प्रतिबल हे वाहत्या रक्ताचे भिंतीला समांतर असे घासणे होय. पाऱ्याच्या १०० मिलिमीटर स्तंभाइतका दाब म्हणजे सुमारे १३,३०० पास्कल. निरोगी रोहिणीतील कर्तन प्रतिबल मात्र साधारणतः १ ते ७ पास्कल एवढेच असते. अर्थात भिंत फाटते ती या घासण्याने नव्हे, तर दाबामुळे निर्माण झालेला ताण तिला सोसेनासा होतो म्हणून. असे असूनही कर्तन प्रतिबलास महत्त्व आहे. कारण रोहिणीच्या अंतःस्तरातील पेशींना त्याची जाणीव होते आणि तदनुसार भिंतीची जडणघडण बदलत जाते.

हे प्रतिबल अधिक असणे घातक की कमी असणे, याविषयी संशोधकांत दीर्घकाळ मतभेद होता. हुई मेंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली असे प्रतिपादन केले की, दोन्ही मार्ग संभवतात: अधिक प्रतिबलाने भिंतीतील पेशींकरवी भिंतीचा ऱ्हास होतो, तर कमी व दिशा बदलणाऱ्या प्रतिबलाने दाहजन्य ऱ्हास होतो. हे मान्य केल्यास प्रतिबलाचा केवळ एक आकडा पाहून धोक्याचा निर्णय करता येणार नाही, हे उघड आहे.

तो आकडा तरी निश्चित असतो काय? सरळ नळीत, प्रवाह तेवढाच असताना, कर्तन प्रतिबल त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. २ मिलिमीटरची त्रिज्या प्रतिमेवरून १.८ मिलिमीटर मानली गेली, तर प्रतिबल सुमारे ३७ टक्क्यांनी अधिक येते. शिवाय रुग्णाचा प्रत्यक्ष प्रवाह पुष्कळदा मोजलेला नसतो. इतर व्यक्तींवरून घेतलेले मूल्य वापरतात आणि भिंत ताठर मानतात. २०१२ सालच्या एका तुलनात्मक चाचणीत आकार, प्रवाह व रक्ताचे गुणधर्म आधीच ठरवून दिले होते. तेथे २५ गटांपैकी बहुतेकांची दाबातील घटीची उत्तरे परस्परांपासून ८ टक्क्यांच्या आत राहिली. विस्फारातील प्रवाहाच्या रचनेबाबत मात्र अधिक तफावत दिसली. २०१५ सालच्या चाचणीत ५ विस्फारांच्या केवळ प्रतिमा दिल्या असता २६ गटांच्या कर्तन प्रतिबलाच्या उत्तरांत मोठा फरक पडला. म्हणजे दोष समीकरणांचा नव्हे; ती सोडविण्यापूर्वी जे गृहीत धरले जाते, त्याचा आहे.

आणखी एक अडचण तर्कशास्त्रीय आहे. फुटलेल्या विस्फाराची प्रतिमा बहुधा तो फुटल्यानंतरच मिळते, आणि फुटण्याने त्याचा आकार बदललेला असू शकतो. अशा तुलनेत कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे सांगणे दुष्कर होते. ६ अभ्यासांतील ८,३८२ रुग्णांच्या माहितीवर आधारलेली जी धोकामापन-पद्धती २०१४ साली प्रसिद्ध झाली, तीत लोकसमूह, उच्च रक्तदाब, वय, विस्फाराचा आकार, पूर्वीचा रक्तस्राव व स्थान या सहा बाबी आहेत. प्रवाहाचे एकही परिमाण नाही.

यावरून सदृशीकरण निरुपयोगी होय, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. रोहिणीत प्रवाहवळवी जाळी बसविल्याने विस्फारातील प्रवाह किती मंदावेल, यासारख्या प्रश्नांत एकाच आकाराची व एकाच गृहीतांची दोन उत्तरे ताडून पाहावयाची असतात. तेथे त्याचे साहाय्य मोठे आहे. परंतु संगणकाने काढलेल्या रंगीत आकृतीत मोजलेले किती आणि मानलेले किती, हे वेगळे केल्यावाचून तीवरून रुग्णाच्या भवितव्याचा निर्णय करणे युक्त होणार नाही.