लेखणी आणि बॅट : प्रा. दि. ब. देवधर

मुलगा शालान्त परीक्षेच्या वर्गांत गेला कीं त्याचें मैदान बंद करावयाचें, असा आमच्या शिरूर-दौंड भागांतील पुष्कळ घरांचा दंडक आहे. खेळणारा शिकत नाहीं व शिकणारा खेळत नाहीं, ही समजूत त्याच्या मुळाशीं असते. ती पारखून पाहण्यास फार दूर जावयास नको. दौंडहून आगगाडीनें पुण्यास गेलें तरी पुरे. प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर तेथलेच.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजीं झाला. सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत ते संस्कृत शिकवीत. १९११-१२ च्या हंगामांत ते प्रथम दर्जाचे सामने खेळूं लागले. १९२६ सालीं गिलिगन यांचा इंग्रज संघ आला असतां मुंबईच्या सामन्यांत अखिल हिंदी संघातर्फें त्यांनीं १४८ धावा काढल्या. परंतु १९३२ सालीं हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर झाला, तेव्हां त्यांस चाळीस वर्षें पूर्ण झालीं होतीं. त्या संघांत त्यांस स्थान मिळालें नाहीं, व पुढेंही कधीं मिळालें नाहीं.

दुसऱ्या एखाद्यानें तेव्हांच बॅट खुंटीस टांगली असती. देवधरांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या वर्षीं मुंबईविरुद्ध त्यांनीं एकट्यानें २४६ धावा केल्या. १९४४-४५ च्या हंगामांत, बावन्न वर्षें उलटल्यावर, एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनीं शतकें झळकविलीं.

हें कसें साधलें? मला वाटतें, संस्कृतच्या विद्यार्थ्याला रूपें रोज घोकावीं लागतात. एक दिवस चुकला तर घडी मोडते. फलंदाजाचा सरावही तसाच. नियमितपणाची संवय एकदां अंगीं बाणली म्हणजे ती पुस्तकास व मैदानास सारखीच उपयोगी पडते.

मैदानावरचा अनुभव त्यांनीं लेखणीनेंही जपला. ‘आय लुक बॅक’ हें त्यांचें आत्मचरित्र १९६६ सालीं निघालें. पुढच्या पिढींतील बाळ ज. पंडित (१९२९–२०१५) हेही महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळले. त्यांनीं क्रीडाविषयक ग्रंथ लिहिले आणि आकाशवाणीवरून मराठींत क्रिकेटचें समालोचन करून तो खेळ खेड्यापाड्यांतील घरांत पोंचविला.

मुलींच्या पालकांनींही ऐकावें. देवधरांच्या कन्या तारा, सुमन व सुंदर यांनीं १९४० नंतरच्या दशकांत बॅडमिंटनमध्यें देशांतील अजिंक्यपदें मिळविलीं. त्या काळीं मुलींस अंगणाबाहेर खेळूं देणारीं घरें किती होतीं, याचा विचार केला म्हणजे या पित्याचें मोठेपण ध्यानीं येतें.

२४ ऑगस्ट १९९३ रोजीं, वयाच्या एकशें एकाव्या वर्षीं, देवधर निवर्तले. त्याच्या वीस वर्षें आधींच त्यांच्या नांवाची स्पर्धा सुरू झाली होती. प्रत्येक मुलगा देवधर होईल, असें मी म्हणत नाहीं. पण परीक्षेच्या वर्षींही संध्याकाळचा एक तास त्याच्या हातून काढून घेऊं नका. तो तास अभ्यासाचा वैरी नव्हे.